जुन्या लॅपटॉपला अ‍ॅडॅप्टर हवाय: पुण्याच्या तपकीर गल्लीत जाण्याआधी

शून्य_ओहम (धागाकर्ता)

‘लॅपटॉप जुना आहे, अ‍ॅडॅप्टर गेला, कुठला घेऊ?’ हा प्रश्न दर पंधरवड्याला येतो. दर वेळी कुणीतरी ‘१९ व्होल्टचा कुठलाही चालतो’ असं ठोकून देतो आणि विषय तिथेच संपतो. कुठलाही चालत नाही. म्हणून एकदाच सगळं एका ठिकाणी लिहू. भर घाला, चुकलं तर कान धरा.

सुरुवात खरेदीपासून करू नका, अ‍ॅडॅप्टर खरंच गेलाय का ते आधी बघा. भिंतीपासून लॅपटॉपपर्यंत बिघडायला पाच जागा आहेत: भिंतीतलं सॉकेट, तिथून ठोकळ्यापर्यंतची कॉर्ड, ठोकळा, ठोकळ्यातून निघणारी बारीक वायर आणि तिच्या टोकाची पिन, आणि शेवटी लॅपटॉपमधला जॅक. यातला ठोकळा त्यामानाने कमी वेळा बिघडतो आणि लोक नेमका तोच बदलतात.

क्रम असा ठेवा.

सॉकेटमधे मोबाइलचा चार्जर लावून बघा. हसू नका.

मग कॉर्ड. तीन भोकांची, पानाच्या आकाराची, जिला दुकानात ‘मिकी माऊस’ म्हणतात ती. ठोकळ्यात घुसते तिथे ती सैल होते. दुसऱ्या कुठल्याही लॅपटॉपची तशीच कॉर्ड चालते, ब्रँडचा संबंध नाही. कॉर्ड शंभर-दीडशे रुपयांत येते, अ‍ॅडॅप्टर हजारात.

ठोकळ्यावर किंवा पिनवर दिवा असेल तर तो नीट बघा. पिन लॅपटॉपच्या बाहेर असताना दिवा लागतो आणि जॅकमधे घातल्याक्षणी विझतो, तर लॅपटॉपच्या आत शॉर्ट आहे आणि अ‍ॅडॅप्टर स्वतःला वाचवतोय. डेलचे बरेच अ‍ॅडॅप्टर अशा वेळी बंद होऊन तसेच राहतात. भिंतीतलं बटण बंद करून थोडं थांबून परत लावलं की दिवा पुन्हा येतो. इथे नवीन अ‍ॅडॅप्टर घेऊन काही होणार नाही. जॅक किंवा बोर्ड बघावा लागेल.

दिवा लागतच नसेल, किंवा दिवाच नसेल, तर मल्टिमीटर.

मल्टिमीटरवाला

मीटरचं मी लिहितो, कारण इथे हमखास एक गोंधळ होतो.

साध्या पिवळ्या मीटरवर डीसीच्या २० आणि २०० अशा दोन रेंज असतात. १९.५ मोजायचंय म्हणून लोक २० वर ठेवतात. त्या रेंजवर मीटर १९.९९ पर्यंतच दाखवतो. लेनोव्होचा २० व्होल्टचा चांगला अ‍ॅडॅप्टर लोड नसताना २०.१ किंवा २०.२ देतो, मग पडद्यावर डावीकडे नुसता ‘१’ येतो आणि अ‍ॅडॅप्टर मेला असं घोषित होतं. २०० वर ठेवा.

पिन साधी गोल पोकळ असेल तर लाल प्रोब आत, काळा बाहेरच्या धातूला. आकडा लेबलपेक्षा अर्ध्या व्होल्टच्या आत-बाहेर आला तर ठीक.

मधे सुई असलेली पिन (डेल, एचपी) असेल तर जपून. सुई म्हणजे प्लस नव्हे. नळीची आतली भिंत प्लस, बाहेरची मायनस आणि मधली सुई ओळखीची, म्हणजे अ‍ॅडॅप्टर कुठला ते लॅपटॉपला सांगणारी. लाल प्रोब आतल्या भिंतीला टेकवताना तो सुईलाही लागला तर सुईवर १९.५ व्होल्ट जातात आणि ओळखीची चिप उडू शकते. मोजायला गेलो आणि चांगला अ‍ॅडॅप्टर घालवला असं नको. प्रोबच्या टोकाला बारीक टाचणी बांधा, किंवा प्रोबवर स्लीव्ह (वायरवर चढवायची इन्सुलेशनची नळी) चढवून फक्त एक मिलिमीटर टोक उघडं ठेवा.

मोजत असतानाच पिनजवळची वायर सगळ्या बाजूंनी वाकवा. मग ठोकळ्याजवळची. आकडा उड्या मारायला लागला की वायर आतून तुटलीय. सगळ्यात जास्त आढळणारा दोष हाच, आणि तो जवळजवळ नेहमी या दोन टोकांपाशी, रबराचा गळा संपतो तिथे असतो.

कात्रज_बोगदा

लेबल पूर्ण पुसलं गेलं असेल तर? फक्त ‘मेड इन चायना’ वाचता येतंय.

शून्य_ओहम

लॅपटॉप उलटा करा. बुडावर मॉडेल नंबराजवळ सरळ रेघेखाली तुटक रेघ असं चिन्ह असतं (ते डीसीचं) आणि त्याच्या आजूबाजूला व्होल्ट आणि अँपिअर. तेही पुसलं असेल तर बॅटरी काढून तिच्या खोबणीत बघा, जुन्या यंत्रांत तिथेही स्टिकर असतो. बॅटरीवरचा आकडा मात्र घेऊ नका. ११.१ किंवा १४.८ हा बॅटरीचा व्होल्टेज, अ‍ॅडॅप्टरचा नाही. हा घोळ दुकानदारसुद्धा घालतात.

नेहमी भेटणारे आकडे:

डेल १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॉट, ४.६२ म्हणजे ९०, ६.७ म्हणजे १३०.
एचपी जुने १८.५ व्होल्ट ३.५ अँपिअर, नंतरचे १९.५ व्होल्ट ३.३३ किंवा २.३१.
लेनोव्हो २० व्होल्ट, २.२५, ३.२५ किंवा ४.५ अँपिअर.
एसर आणि आसुस १९ व्होल्ट, २.३७, ३.४२ किंवा ४.७४.
तोशिबा बरेचसे १९ व्होल्ट ३.९५, सॅमसंग १९ व्होल्ट ३.१६, सोनी १९.५ व्होल्ट ३.९ किंवा ४.७.

ही यादी अंदाजासाठी. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर खात्री करा.

हडपसर_हायवे

आधीचा ३.३४ चा होता, दुकानदार ४.६२ चा देतोय. जास्त करंट जाऊन बोर्ड जळणार नाही का?

मल्टिमीटरवाला

नाही. गच्चीवरच्या टाकीचा विचार करा. टाकी किती उंचावर आहे ते व्होल्ट, टाकी केवढी मोठी आहे ते अँपिअर. टाकी मोठी केली म्हणून नळाला जास्त जोर येत नाही. लॅपटॉप लागेल तेवढाच करंट ओढतो. ४.६२ चा अ‍ॅडॅप्टर थंड चालेल, जास्त टिकेल. आकाराने मोठा आणि पिशवीत जड, एवढाच तोटा.

उलटं मात्र करू नका. ६५ वॉटच्या यंत्राला ४५ वॉटचा लावला की दोनपैकी एक होतं. ओळखीची सुई असलेलं यंत्र ‘अ‍ॅडॅप्टर कमी ताकदीचा आहे’ म्हणून सांगतं आणि स्वतःच हळू चालतं. साध्या पिनवाल्याला ते कळतच नाही. बॅटरी चार्ज होत असताना काही जड काम लावलं की अ‍ॅडॅप्टर तापतो, ट्रिप होतो, परत चालू होतो, परत ट्रिप होतो. दिवा टिकटिक लुकलुकताना दिसला तर हेच.

फ्लक्स

व्होल्टबद्दल थोडं. १९ च्या जागी १९.५ किंवा १८.५ च्या जागी १९ चालतं. लॅपटॉपच्या आत तसाही तो व्होल्टेज खाली उतरवून वापरला जातो आणि एवढ्या फरकाला आतले भाग दाद देत नाहीत.

कात्रज_बोगदा

मग १९ च्या यंत्राला २० चा?

फ्लक्स

बहुतेक वेळा चालून जातो. पण नवीन विकत घेताना मुद्दाम तसा घेऊ नये. घरात पडलेला लावून यंत्र सुरू होतं का बघणं वेगळं आणि रोज आठ तास चालवणं वेगळं.

खरा धोका फार जुन्या यंत्रांत आहे. थिंकपॅड टी-४३ पर्यंत १६ व्होल्टवर चालायचे, टी-६० पासून २० व्होल्ट झाले. १६ व्होल्टवाल्यांची पिन ५.५ × २.५ मिमी, म्हणजे तोशिबा-आसुसच्या १९ व्होल्टवाल्यांना असते तीच. आरामात आत जाते. तोशिबाचे काही जुने लॅपटॉप १५ व्होल्टचे आहेत. पिन बसली म्हणजे अ‍ॅडॅप्टर बरोबर, हे डोक्यातून काढून टाका.

शून्य_ओहम

फ्लक्स, पिनांचं तुम्हीच लिहा ना. तुमच्याकडे व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) आहे.

फ्लक्स

आहे, आणि तो चारशेच्या आसपास कुणालाही मिळतो.

पहिला आकडा बाहेरचा व्यास, दुसरा आतला (किंवा जॅकमधल्या काडीचा). मिलिमीटरमधे.

७.४ × ५.० मधे सुई: डेल आणि एचपी, दोघांच्याही २००६ नंतरच्या बऱ्याच मॉडेलांना.
४.५ × ३.० मधे सुई: दोघांचेही नंतरचे. एचपीची निळ्या टोकाची ती हीच.
४.८ × १.७: एचपीची जुनी पिवळ्या टोकाची, १८.५ व्होल्ट.
५.५ × २.५: तोशिबा, आसुस, लेनोव्होचे जुने आयडियापॅड.
५.५ × १.७: एसर.
४.० × १.७: नंतरचे आयडियापॅड. ४.० × १.३५: आसुसचे पातळ.
३.० × १.१: एसरचे पातळ.
६.५ × ४.४ मधे काडी: सोनी.
७.९ × ५.५: थिंकपॅड, टी-६० पासूनचे. त्यानंतर चपटी पिवळी आयताकृती.

यात ५.५ × २.५ आणि ५.५ × १.७ बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात. एसरच्या बारीक काडीवर २.५ ची पिन घातली तर आत जाते, चालूही होतं, पण आत सैल राहते. सैल संपर्कात ठिणगी पडते, ठिणगीने काजळी धरते, काजळीने आणखी उष्णता. महिन्याभरात जॅकभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं दिसेल. उलटं, म्हणजे १.७ ची पिन २.५ च्या काडीवर, जातच नाही. जोर लावलात तर काडी मोडते.

पिन बसल्यावर बोटाने हलवून बघा. वर-खाली डुगडुगली तर ती तुमची पिन नाही, दुकानदार काहीही म्हणो.

ध्रुवता: लॅपटॉपांत जवळजवळ सगळीकडे आत प्लस, बाहेर मायनस. तरी लेबलवरचं वर्तुळाचं चिन्ह बघून घ्या. मधल्या ठिपक्याकडे जाणारी रेघ प्लसची हवी.

येरवडा_एक्स्प्रेस

वाचनखुणेसाठी +१

पण डेलचा तो संदेश? ‘एसी पॉवर अ‍ॅडॅप्टर वॉटेज अँड टाइप कॅनॉट बी डिटरमाइन्ड’. नवीन लोकल अ‍ॅडॅप्टर, व्होल्ट बरोबर, पिन घट्ट, लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही आणि सगळं गोगलगायीसारखं.

शून्य_ओहम

धागा काढण्याचं निम्मं कारण हेच आहे.

डेलच्या अ‍ॅडॅप्टरमधे एक बारीक मेमरी चिप असते. मधल्या सुईमार्फत, एकाच तारेवरून, ती लॅपटॉपला सांगते की मी डेलचा, इतक्या वॉटचा, इतक्या व्होल्टचा. लॅपटॉपला हे उत्तर मिळालं नाही तर तो तीन गोष्टी करतो: संदेश दाखवतो, बॅटरी भरणं बंद करतो, आणि प्रोसेसरचा वेग एकदम तळाला नेतो. अ‍ॅडॅप्टर किती ताकदीचा आहे ते ठाऊक नाही, मग जपून वागू, असा त्याचा हिशोब.

आता उत्तर का मिळत नाही? कारणं, जास्त शक्यतेपासून कमी शक्यतेकडे:

१. पिनमधली सुई वाकलीय किंवा तुटलीय. उजेडात धरून आत बघा. ती ०.६ मिमीच्या आसपास जाडीची असते, तिरकी घातली की वाकते. चिमट्याने हळूच सरळ होते, पण दुसऱ्यांदा वाकली की मोडते.

२. वायरीच्या आतली ओळखीची तार तुटलीय. ती सगळ्यात बारीक, म्हणून आधी तुटते. प्लस-मायनस शाबूत असल्यामुळे मीटरवर १९.५ व्यवस्थित दिसतात. संदेश आला की वायर गळ्यापाशी वाकवून धरा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. कधी येतो कधी जातो असं झालं तर हेच कारण.

३. अ‍ॅडॅप्टरमधे चिपच नाही. स्वस्त लोकलमधे सुई असते पण ती शोभेची. काहींत चिप असते आणि वॉट चुकीचे सांगते.

४. लॅपटॉपच्या जॅकचा मधला संपर्क सैल, किंवा जॅकपासून बोर्डकडे जाणारी तार तुटलेली. इन्स्पिरॉन ३५२१ सारख्या बऱ्याच मॉडेलांत जॅक छोट्या वायरसकट सुटा येतो, बोर्डला नुसता खोचलेला असतो. दोन-तीनशे रुपयांचा भाग. सोल्डरिंग लागत नाही, फक्त उघडायची मेहनत.

५. बोर्डवरच दोष. हे शेवटी.

निदानाचा सोपा मार्ग: चालत असलेल्या दुसऱ्या डेलचा, तितक्याच किंवा जास्त वॉटचा ओरिजिनल अ‍ॅडॅप्टर पाच मिनिटं मागून लावा. संदेश गेला तर दोष तुमच्या अ‍ॅडॅप्टरमधे. राहिला तर लॅपटॉपमधे. चालू करताना एफ-२ दाबून बायोसमधे (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) गेलात की अ‍ॅडॅप्टरचे वॉट तिथे लिहिलेले दिसतात. ‘६५’ दिसलं की ओळख पटली. ‘अननोन’ असेल तर नाही.

एचपीची पिन त्याच मापाची असली तरी तिच्यात ही चिप नसते, ओळख रोधकाने (रेझिस्टरने) होते. म्हणून एचपीचा ७.४ चा अ‍ॅडॅप्टर डेलला लावला तर डेल चालतो पण ‘ओळखत’ नाही. लेनोव्होच्या चपट्या पिनेतही रोधकच असतो.

येरवडा_एक्स्प्रेस

थ्रॉटलस्टॉप नावाचं सॉफ्टवेअर टाकून वेग परत मिळवता येतो म्हणतात.

शून्य_ओहम

येतो. त्यात बीडी प्रॉकहॉट नावाची खूण काढायची. पण त्याने बॅटरी भरणं सुरू होत नाही. शिवाय बीडी प्रॉकहॉटच्या त्याच तारेवरून बोर्डवरचे इतर भागही ‘तापलो, हळू घे’ असं प्रोसेसरला सांगत असतात, तेही तुम्ही बंद करता. प्रोसेसरचं स्वतःचं संरक्षण राहतं, बाकीच्यांचं जातं. नवीन अ‍ॅडॅप्टर येईपर्यंत दोन दिवस काढायला ठीक. कायमचं म्हणून नको.

तपकिरी

आता मुद्द्याचं. कुठे घ्यायचा?

बुधवार पेठेतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, म्हणजे तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर. गाडी घेऊन जाऊ नका, मेट्रोने मंडई किंवा कसबा पेठ स्टेशनला उतरा आणि चालत जा. सुटे भाग (डीसी वायर, जॅक, स्लीव्ह, सोल्डर) तिथेच मिळतात. तयार अ‍ॅडॅप्टर मात्र लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या दुकानांत घेतलेला बरा, कारण तिथे लावून बघू देतात.

तीन प्रकार पुढे येतील. ‘ओरिजिनल’, म्हणजे खरोखर कंपनीचा, सहसा दीड-दोन हजारांच्या पुढे. ‘कंपॅटिबल’, म्हणजे दुसऱ्या कुणी नाव लावून बनवलेला, साधारण सातशे ते हजार. आणि ‘फर्स्ट कॉपी’, म्हणजे वर कंपनीचं नाव छापलेला पण कंपनीचा नसलेला. हा तिसरा घेऊ नका. दुसरा निदान स्वतःच्या नावावर उभा असतो.

चौथा पर्याय दुकानदार आपणहून दाखवत नाही, विचारावा लागतो: ‘जुना ओरिजिनल आहे का, काढलेला?’ भंगारात गेलेल्या ऑफिसच्या लॅपटॉपांबरोबरचे हे असतात. माझं मत विचाराल तर नव्या कॉपीपेक्षा वापरलेला ओरिजिनल केव्हाही चांगला. फक्त वायरीचे दोन्ही गळे तपासून घ्या. लॅपटॉप कंपन्या अ‍ॅडॅप्टर स्वतः बनवत नाहीत. लेबलवर बारीक अक्षरात डेल्टा, लाइटऑन, चिकोनी अशी नावं दिसतात, ती खऱ्या बनवणाऱ्यांची.

बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि तिच्याखाली ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नंबर बघा. बीआयएस केअर अ‍ॅपमधे तो टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या अर्ध्या मिनिटाचं काम. नंबर कुठल्या भलत्याच वस्तूचा निघाला तर नमस्कार करून बाहेर या.

दर रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही ठोकळे मिळतात. मल्टिमीटर खिशात असेल तरच.

हडपसर_हायवे

दुकानात काय तपासायचं? ते लावून दिवा दाखवतात आणि ‘चालतोय बघा’ म्हणतात.

तपकिरी

घरून निघताना बॅटरी चाळीस टक्क्यांवर आणून ठेवा. हे कुणी करत नाही. शंभर टक्के भरलेली बॅटरी घेऊन गेलात तर अ‍ॅडॅप्टर बॅटरी भरतो की नाही ते कळणारच नाही, आणि त्याच्यावर लोडही येणार नाही.

लॅपटॉप बंद करून पिन लावा, चालू करा, संदेश येतो का बघा. चालू झाल्यावर टक्का वाढतोय का बघा. दहा-पंधरा मिनिटं पूर्ण उजेडावर व्हिडिओ चालवा. ठोकळा कोमट होणं ठीक. हात ठेवून ठेवता येत नसेल किंवा गरम प्लॅस्टिकचा वास आला तर परत. बारीक शिट्टीसारखा आवाज आला तरी परत. आणि टचपॅडवर बोट फिरवा. स्वस्त अ‍ॅडॅप्टरमधे फिल्टरचे भाग गाळलेले असतात, त्यामुळे चार्जिंगला लावलं की बाण आपोआप उड्या मारतो आणि काढलं की शहाणा होतो. हा दोष लॅपटॉपच्या माथी मारला जातो.

बिलावर मॉडेल आणि वॉट लिहून घ्या. ‘टेस्टिंग वॉरंटी’ म्हणजे दुकानाच्या पायरीपर्यंतची वॉरंटी, हे लक्षात असू द्या.

पासकोड_विसरलो

यूएसबी-सीचा ६५ वॉटचा चार्जर घरात आहे. त्याला जोडायची गोल पिनची वायर मिळते ना?

फ्लक्स

मिळते. ट्रिगर केबल म्हणतात. तिच्यातली चिप चार्जरकडे २० व्होल्ट मागते. चार्जर आधी फक्त ५ व्होल्ट देतो, मागणी आल्यावरच पुढे जातो, म्हणून नुसती आकाराने बसणारी वायर कामाची नाही.

अटी तीन. चार्जरच्या लेबलवर २० व्होल्टची ओळ हवी. नुसता ‘६५ वॉट’ हा शब्द पुरेसा नाही, काही मोबाइल चार्जर आपापल्या वेगळ्या पद्धतीने ताकद देतात. दुसरं, ३ अँपिअरच्या वर जायचं तर दोन्ही टोकांना सी असलेली वायर ५ अँपिअरची, आत चिप असलेली लागते. साध्या वायरवर २० × ३ म्हणजे ६० वॉटच मिळतात. तिसरं, मोबाइल आणि लॅपटॉप एकाच चार्जरवर लावले की तो ताकद वाटून देतो, आणि दुसरी वायर खोचताना क्षणभर पुरवठा तोडतोही. बॅटरी मेलेला लॅपटॉप असेल तर त्या क्षणी तो बंद.

डेलसाठी ओळखीची चिप असलेलीच केबल मागा. एसर-आसुस-तोशिबाला साधी चालते, २० व्होल्टबद्दल वर लिहिलंय तेवढं धरून.

वाडा_आणि_चौक

लॅपटॉप चार्जिंगला असला की धातूच्या झाकणावर हात फिरवल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं. अ‍ॅडॅप्टर बदलून जाईल का?

मल्टिमीटरवाला

अर्थिंग नाही. पेठेतल्या जुन्या वाड्यांत तीन भोकांचं सॉकेट असतं पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच नसते.

ठोकळ्यात मेन्सची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यात एक छोटा कपॅसिटर मुद्दाम ठेवलेला असतो, विजेतला गोंगाट कमी करायला. त्यातून किंचित करंट झिरपतो. अर्थ असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या हातातून. चांगल्या अ‍ॅडॅप्टरमधे तो अगदीच थोडा असतो, पण मुंग्या येण्याइतका असतो. तीन पिनी कॉर्डला दोन पिनी कन्व्हर्टर लावला असेल तर तोही काढा.

सॉकेट तपासताना मीटर एसीच्या वरच्या रेंजवर ठेवा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ तेवढेच, न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट. फेज ते अर्थ भलताच काहीतरी आला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, अ‍ॅडॅप्टरवाल्याला नको. हे मोजायची सवय नसेल तर तेही इलेक्ट्रिशियनलाच करू द्या. मुंग्यांऐवजी झटका बसत असेल, तर तो अ‍ॅडॅप्टर लगेच बाजूला ठेवा.

कात्रज_बोगदा

पिनजवळ वायर तुटलीय हे नक्की झालंय. जोडता येईल का?

शून्य_ओहम

येते, आणि ओरिजिनल ठोकळा असेल तर जोडाच. पिनसकट तयार ‘डीसी वायर’ शंभर-सव्वाशेला मिळते. मॉडेल सांगून, जाड बघून घ्या. डेलची तीन तारांचीच हवी.

अ‍ॅडॅप्टर भिंतीतून काढून ठेवा, पाच मिनिटं थांबा. तुटलेल्या जागेच्या ठोकळ्याकडच्या बाजूला पाच सेंटिमीटर सोडून कापा, म्हणजे आतली चेंगरलेली तार निघून जाते. बाहेरचं आवरण सोललं की एकात एक थर दिसतील: बाहेर जाळी मायनसची, तिच्या आत दुसरी जाळी प्लसची, आणि गाभ्यात बारीक तार ओळखीची. साध्या पिनेला दोनच. रंगांवर विश्वास ठेवू नका. नव्या वायरीचा कुठला थर पिनेच्या कुठल्या भागाला जातो ते मीटरच्या बीपवर (तार सलग असली की वाजतो त्या रेंजवर) तपासा आणि कागदावर लिहा.

स्लीव्ह आधी ओवा. हे विसरून जोड झाल्यावर कपाळावर हात मारणं हा ठरलेला विधी आहे. तिन्ही जोड एकाच जागी न घेता दीड-दोन सेंटिमीटरच्या अंतराने पुढे-मागे घ्या. मग एखादी स्लीव्ह फाटली तरी शॉर्ट होत नाही. पिळून मग सोल्डर, नुसतं पिळून टेप नको. गणित बघा: जोडात ०.१ ओहम रोध राहिला तर ३.३४ अँपिअरला तिथे १.१ वॉट उष्णता. ०.५ ओहम राहिला तर साडेपाच वॉट, तेही बोटभर जागेत. टेप त्यात वितळतो.

झाल्यावर, भिंतीत लावण्याआधी, प्लस-मायनसमधे बीप येत नाही ना बघा. मग व्होल्ट. मग लॅपटॉपला लावून अर्ध्या तासाने जोडावर बोट ठेवा. बाकीच्या वायरीपेक्षा गरम लागला तर परत करा.

पासकोड_विसरलो

माझ्याकडच्या एकात व्होल्ट बरोबर दिसतात, वायर वाकवून फरक नाही, पण लॅपटॉप लावला की बंद.

फ्लक्स

लोडखाली बसतोय, म्हणजे भार आला की व्होल्ट घसरतात. मोजायला गाडीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट २१ वॉटचे दोन दिवे एकापुढे एक जोडा आणि अ‍ॅडॅप्टरवर लावा. साधारण दीड अँपिअर ओढतात. १९.५ चा अ‍ॅडॅप्टर त्यावर १९ च्या वर राहिला पाहिजे. तो १४-१५ वर आला किंवा दिवे लुकलुकले तर ठोकळा गेला. दिव्याची तार थंड असताना पहिल्या क्षणी करंट फार जास्त असतो, त्यामुळे एकदा लुकलुकून मग स्थिर झाला तर दोष समजू नका.

बहुतेक वेळा आतले आउटपुटचे कपॅसिटर वाळलेले असतात, वरून फुगलेले.

येरवडा_एक्स्प्रेस

मग उघडून बदलू का? कपॅसिटर तर पंधरा रुपयांचे.

फ्लक्स

ठोकळा चिकटवलेला नसतो, प्लॅस्टिक वितळवून जोडलेलं असतं. पटाशी-हातोडी लागते आणि परत नीट बंद होत नाही. त्याहून मोठं कारण, मेन्सच्या बाजूचा कपॅसिटर ३२५ व्होल्टला भरलेला असतो आणि बिघडलेल्या ठोकळ्यात तो भिंतीतून काढल्यावरही भरलेलाच राहू शकतो. हे काम येणारे लोक १० किलोओहम ५ वॉटचा रोधक लावून दहा सेकंद तो रिकामा करतात आणि मग मीटरने खात्री करतात. हे वाचून ‘रोधक कुठे लावायचा?’ असा प्रश्न पडला असेल तर उघडू नका. दुसरा घ्या.

वाडा_आणि_चौक

आणि पिन लावताना चट्कन ठिणगी दिसते ती?

मल्टिमीटरवाला

लॅपटॉपच्या आतले कपॅसिटर एकदम भरतात म्हणून. दोष नाही, पण रोज झाली तर जॅकचा संपर्क खरवडला जातो. आधी पिन लॅपटॉपला, मग भिंतीतलं बटण. काढताना उलट. आपल्याकडे सॉकेटला बटण असतं, त्याचा उपयोग करा. लाईट जाते-येते तेव्हा बटण बंद करून ठेवा, येतानाचा झटका ठोकळ्याला बसू नये.

हडपसर_हायवे

मेलेला ठोकळा कचऱ्यात टाकायचा का?

तपकिरी

सुक्या कचऱ्यात नको. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची संस्था ई-कचरा वेगळा गोळा करते, तुमच्याकडे कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना विचारा. देण्याआधी मिकी माऊस कॉर्ड काढून ठेवा. आणि डेलचा असेल तर पिनसकट वायरही कापून ठेवा, सुई सरळ असेल तर.